सातेरीच्या पेट्यांवर दरवर्षी होणारा गांधीलमाशीचा हल्ला: ओळख, कारणे आणि उपाय

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात सातेरी ही देशी मधमाशी पाळणाऱ्या मधपाळांची एक तक्रार दरवर्षी ठरल्या वेळी पुढे येते. पाऊस ओसरू लागतो, गणपती येतात आणि त्याच सुमारास पेटीच्या दारासमोर मोठ्या गांधीलमाश्या घिरट्या घालू लागतात. नवरात्रापर्यंत मधमाश्यांची ये-जा मंदावते, आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान एखाद्या सकाळी पेटी उघडावी तर आत रिकामी पोळी तेवढी उरलेली असतात. मधपाळ दिसेल ती गांधीलमाशी मारतो, परिसरातली घरटी जाळतो, दारावर जाळी ठोकतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते.

या नुकसानीचे खरे कारण बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते, असे माझे मत आहे. गांधीलमाशीने पकडून नेलेल्या माश्यांमुळे पेटी सहसा रिकामी होत नाही. दारात शत्रू उभा असल्यामुळे कामकरी माश्या बाहेर पडत नाहीत, बाहेर पडत नाहीत म्हणून मकरंद व पराग येत नाही, राणीचे अंडी घालणे कमी होते, साठा संपतो आणि शेवटी वसाहत घर सोडून जाते. म्हणून उपायांची सुरुवात गांधीलमाशीपासून न करता पेटीतील साठ्यापासून करावी लागते, आणि ती हल्ला दिसण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे उन्हाळ्यातील मधकाढणीच्या वेळीच करावी लागते.

आधी खात्री करून घ्यावी

पेटी कमजोर झाली आणि आसपास गांधीलमाशी दिसली, की दोष तिच्या माथी मारून मोकळे होण्याची सवय आहे. उपाय करण्यापूर्वी दारासमोर, पण माश्यांच्या उड्डाणाच्या वाटेतून बाजूला, शांतपणे बसून काही वेळ निरीक्षण करावे आणि जमिनीवर काय पडले आहे ते वाकून पाहावे.

मोठ्या गांधीलमाशीची शिकार ओळखणे अवघड नाही. ती दारासमोर, दाराकडे तोंड करून हवेत जागच्या जागी तरंगते आणि परागाचे ओझे घेऊन संथपणे परतणाऱ्या माशीवर झेप घालते. शिकार घेऊन ती जवळच्या फांदीवर जाते, मागच्या एका पायाने पानाला लोंबकळते आणि उरलेल्या पायांत माशी फिरवत आधी डोके, मग पंख आणि पोट कापून खाली टाकते. उरतो तो मधला भाग, ज्यात उड्डाणाचे स्नायू असतात. त्याची गोळी करून ती घरट्याकडे निघते. त्यामुळे पेटीजवळच्या झुडपाखाली मधमाश्यांची सुटी डोकी, पंख आणि पोटाचे तुकडे सापडले, तर शंकेला जागा उरत नाही.

याउलट दारासमोर अखंड मेलेल्या माश्यांचा सडा पडला असेल आणि त्यांची जीभ बाहेर आलेली असेल, तर ते जवळच्या शेतात झालेल्या कीटकनाशक फवारणीचे लक्षण असण्याची शक्यता फार मोठी आहे. आतल्या पोळ्यांत अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या दिसत असतील, तर तो थायसॅक ब्रूड हा विषाणूजन्य रोग समजावा. या रोगाने १९९०च्या दशकात दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला होता. पोळ्यांवर जाळीसारखे धागे आणि त्यांत वळवळणाऱ्या अळ्या दिसत असतील, तर मेणकिड्याने ठाण मांडले आहे. या सर्व स्थितींत गांधीलमाशी येतेच, कारण कमजोर पेटीचा वास आणि तिचे ढिले पहारे तिला ओढून आणतात. तिला हाकलून मूळ रोग जात नाही.

वेडा राघू आणि कोतवाल हे पक्षी उडत्या माश्या टिपतात, परंतु ते तारेवर किंवा वठलेल्या फांदीवर उघड बसलेले असतात, त्यामुळे त्यांची गफलत होत नाही. पेटीसमोरच्या मोकळ्या, वाळूमिश्रित जमिनीत बारीक बिळे दिसत असतील आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या लहान गांधीलमाश्या जमिनीवर बसून परतणाऱ्या माश्यांवर झडप घालत असतील, तर त्या एकांड्या शिकारी जाती आहेत. प्रत्येक मादी स्वतंत्रपणे बीळ खणते, डंखाने लुळी केलेली मधमाशी त्यात नेऊन ठेवते आणि तिच्यावर अंडे घालते. यांच्यासाठी सापळे लावण्याचा उपयोग नाही. पेटीसमोरची जमीन खणून उलटीपालटी करणे, तिच्यावर पाणी मारून ती घट्ट ठेवणे किंवा पेटी गवताळ जागी हलवणे हाच सरळ मार्ग आहे.

मोठ्या गांधीलमाश्यांमध्ये आपल्या भागात प्रामुख्याने दोन जाती त्रास देतात. एक काळसर असून तिच्या पोटाच्या फक्त दुसऱ्या खंडावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असतो. ही व्हेस्पा ट्रॉपिका. दुसरीच्या पोटाचे पहिले दोन्ही खंड पिवळे-नारिंगी आणि उरलेला भाग काळा असतो. ही व्हेस्पा ॲफिनिस. हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. पहिली बहुधा झाडाच्या ढोलीत, जमिनीतील पोकळीत, भिंतीच्या कपारीत किंवा छताखालच्या अंधाऱ्या जागेत घरटे करते, तर दुसरीचे कागदी, फुग्यासारखे घरटे झुडपात किंवा झाडावर लटकलेले असते. घरटे शोधायची वेळ आली, तर नजर कुठे टाकायची हे त्यावरून ठरते.

घराच्या पागोळीला उघड्या छत्रीसारखे लहान कागदी पोळे करणाऱ्या सडपातळ, लांब पायांच्या गांधीलमाश्या मात्र या गुन्ह्यात नसतात. त्या प्रामुख्याने अळ्या पकडतात, त्यांत कपाशी, तूर आणि भाजीपाल्यावरील अळ्याही असतात, आणि म्हणून त्या शेतकऱ्याच्या बाजूच्या आहेत. शिवाय व्हेस्पा ट्रॉपिका याच लहान गांधीलमाश्यांची घरटी फोडून त्यांतील अळ्या पळवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचे हे नैसर्गिक भक्ष्य आपणच जाळून टाकायचे आणि मग ती मधपेटीवर आली म्हणून हळहळायचे, यात काही शहाणपण नाही.

हे वैर कशासाठी आहे

मधमाशी आणि गांधीलमाशी यांचे नाते भाऊबंदकीचे आहे. आजच्या सर्व मधमाश्या १० कोटी वर्षांहूनही पूर्वीच्या शिकारी गांधीलमाश्यांपासून निघालेल्या आहेत. सपुष्प वनस्पतींचा प्रसार होत असताना त्या पूर्वजांच्या एका शाखेने पिल्लांना मांसाऐवजी पराग भरवण्यास सुरुवात केली आणि तिच्यातून मधमाश्या घडल्या. मोठ्या गांधीलमाशीची शाखा त्याआधीच वेगळी झालेली होती आणि तिने शिकार सोडली नाही.

प्रौढ गांधीलमाशीची कंबर इतकी बारीक असते की तिला घन अन्न गिळता येत नाही. तिचे स्वतःचे पोट मकरंद, पिकलेली फळे, ताडी-माडीसारखे गोड आंबूस रस आणि घरट्यातील अळ्यांच्या तोंडून मिळणारा पौष्टिक द्रव यांवर भरते. मांस हवे असते ते अळ्यांना. कामकरी गांधीलमाशी मधमाशीच्या स्नायूंची गोळी अळीला भरवते, आणि अळी त्या बदल्यात अमिनो आम्ले व शर्करा असलेला द्रव परत देते. घरट्यात अळ्या जितक्या जास्त, तितकी शिकार जास्त, असा हा सरळ हिशेब आहे. हल्ला पावसाळ्याच्या उत्तरार्धात का वाढतो याचे उत्तर यातच आहे. घरट्याची सुरुवात एकटी मादी करते, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत ते वाढत जाऊन त्यात शेकडो कामकरी तयार होतात. आपल्या उष्ण हवेत हे चक्र थंड प्रदेशांइतके काटेकोर नसते आणि वर्षभर कुठे ना कुठे चालू घरटी सापडतात, तरीही पेट्यांवरचा सर्वांत मोठा ताण पावसाच्या अखेरीपासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत येतो.

दुर्दैवाने सातेरीसाठी हाच काळ सर्वांत तंगीचा असतो. महाबळेश्वर, जावळी, भोर, आंबोली अशा मुसळधार पावसाच्या भागांत जून ते सप्टेंबर माश्यांना धड बाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडल्या तरी फुलोरा तुटपुंजा असतो. एका बाजूला गांधीलमाशीचे घर भरलेले आणि दुसऱ्या बाजूला मधमाशीचे घर रिकामे झालेले, अशी ही गाठ आहे.

सातेरी स्वतः काय करते

उपाय ठरवण्यापूर्वी सातेरीचा स्वतःचा बचाव समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपले काही उपाय नकळत त्याच बचावाच्या आड येतात.

गांधीलमाशी दाराजवळ आली की पहारेकरी माश्या पोट डावीकडे-उजवीकडे एकसाथ हलवतात आणि दाराच्या फळीवर एक लहर उमटल्यासारखी दिसते. ‘तू आम्हाला दिसला आहेस, अचानक झडप घालण्याची संधी गेली आहे’ हा त्या हालचालीचा शिकाऱ्याला संदेश असतो आणि बहुतेक वेळा गांधीलमाशी मागे सरते. ती तरीही फळीवर उतरली, तर शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडतात आणि तिला मध्ये घेऊन घट्ट गोळा तयार करतात. गांधीलमाशीच्या कठीण कवचात डंख सहसा शिरत नाही, म्हणून या गोळ्यात डंखापेक्षा उष्णतेचा वापर होतो. माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवतात आणि गोळ्याच्या आतले तापमान वाढवतात. जपानमध्ये सातेरीच्याच जातीच्या मधमाश्यांवर केलेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस मोजले गेले. तिथली महाकाय गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांत मरते आणि मधमाशी ४८ ते ५० अंशांपर्यंत टिकते. या दोन-चार अंशांच्या फरकावर संपूर्ण वसाहतीचा जीव तरतो. गोळ्यातील कोंदट हवा आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड गांधीलमाशीची सहनशक्ती आणखी कमी करतात, हेही पुढे सिद्ध झाले.

व्हिएतनाममधील सातेरी जातीच्या माश्या पेटीच्या दाराभोवती जनावरांच्या शेणाचे ठिपके लावतात आणि त्यामुळे तिथली मोठी गांधीलमाशी दारापाशी कमी रेंगाळते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पेटीच्या फटी शेणमातीने लिंपण्याची आपल्याकडील पद्धत पाहता ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, मात्र केवळ शेण लावून आपल्या पेट्या वाचतील असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

हा सारा बचाव माश्यांच्या संख्येवर उभा आहे. गोळा करण्यासाठी दारात शेकडो माश्या हजर असाव्या लागतात. पोळ्यांच्या दोन-तीन चौकटींवर विरळ पसरलेल्या वसाहतीकडे ते बळ नसते, आणि मग तिच्यासमोर दोनच पर्याय उरतात: दार लावून आत बसणे किंवा घर सोडून जाणे. सातेरी दुसरा पर्याय फार लवकर निवडते. जंगलात राहणाऱ्या माशीसाठी ती शहाणपणाची चाल आहे, मधपाळासाठी मात्र तेच नुकसान आहे.

पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यातील तयारी

पहिला आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटच्या काढणीत हात आखडता घेणे. जांभूळ, हिरडा आणि इतर झाडांच्या फुलोऱ्यावर आलेला मध शेवटच्या थेंबापर्यंत काढून घेतला, तर ती पेटी पावसाळ्याला उपाशी सामोरी जाते आणि ऑक्टोबरमध्ये गांधीलमाशी दिसेपर्यंत तिच्यात लढण्याचे बळ राहत नाही. मधकोठीतून, म्हणजे पेटीच्या वरच्या, फक्त मध साठवण्याच्या खणातून मध काढावा, पण पिल्लांच्या पोळ्यांवरच्या पट्टीतला मध कधीही काढू नये. काढणीत मिळालेल्या जादा किलोभर मधाची किंमत आणि गेलेल्या वसाहतीची किंमत यांची तुलना प्रत्येकाने स्वतःच करावी.

मेअखेरीस सर्व पेट्या तपासून ज्या वसाहती चार चौकटीही धड व्यापत नाहीत, त्या एकत्र कराव्यात. दोन पेट्यांच्या मध्ये बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून एक वसाहत दुसरीवर ठेवल्यास माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास मिसळतो आणि मारामारी टळते. दोन्हींपैकी कमकुवत राणी आधी काढून टाकावी. संख्येने जास्त पण दुबळ्या पेट्या ठेवण्याचा मोह सोडणे अनेकांना जड जाते, परंतु दहा दुबळ्या पेट्यांतून दिवाळीला दोन उरण्यापेक्षा पाच सशक्त पेट्या पाचही राहणे केव्हाही बरे.

पावसाळ्यात साठा कमी दिसल्यास साखरेचा पाक द्यावा. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, थंड करून, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्यावा. पाक बाहेर सांडू देऊ नये आणि उघड्या ताटलीत तर कधीच ठेवू नये. उघडा पाक आजूबाजूच्या सर्व वसाहतींमध्ये लुटालूट सुरू करतो, आणि त्या गोंधळात गांधीलमाशीला आयती मेजवानी मिळते. गूळ व गुळाचे पाणी टाळावे. ते माश्यांच्या पोटाला बाधते.

पेटीच्या सर्व फटी, तळपाटाचे सांधे आणि झाकणाचे कोपरे मेण किंवा शेणमातीने बुजवावेत. दारावरची उघडी जागा ५ ते ६ मिलीमीटर उंचीची ठेवल्यास सातेरीची कामकरी माशी सहज जाते-येते आणि मोठी गांधीलमाशी आत शिरू शकत नाही. दाराची रुंदी वसाहतीच्या बळाप्रमाणे ठरवावी, म्हणजे कमजोर पेटीला दोन-तीन माश्या एका वेळी जातील एवढेच दार पुरते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: अरुंद दारामुळे गांधीलमाशीचा आतला प्रवेश थांबतो, बाहेरची शिकार थांबत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दार फारच आवळल्यास आत उष्णता कोंडते आणि तेही वसाहतीला घर सोडण्यास भाग पाडते, म्हणून पेटीवर दुपारी सावली असेल अशी जागा आधीच निवडावी.

हल्ला सुरू असताना

दारासमोर एक-दोन गांधीलमाश्या दिसू लागल्याबरोबर कामाला लागावे, कारण शिकार सोपी आहे असा अनुभव आलेली गांधीलमाशी त्याच जागी पुन्हा पुन्हा येते. बॅडमिंटनची जुनी रॅकेट, बांबूची चपटी पट्टी किंवा मच्छर मारण्याची विजेवर चालणारी रॅकेट घेऊन तिला हवेतच टिपणे हा सर्वत्र वापरला जाणारा उपाय आहे. सुरुवातीच्या दिवसांत तो खरोखर उपयोगी पडतो. घरटे मोठे झाल्यावर मात्र एका जागी दहा मारल्या तरी दुसऱ्या दिवशी तितक्याच हजर होतात, आणि तेव्हा मधपाळाने दिवसभर रॅकेट घेऊन उभे राहणे व्यवहार्य नसते. पेटीवर आपटून किंवा दाराच्या फळीवर चिरडून गांधीलमाशी मारू नये. त्या धक्क्याने मधमाश्या बिथरतात आणि त्यांचा स्वतःचा बचाव मोडतो. फळीवर उतरलेल्या गांधीलमाशीभोवती गोळा तयार झाला असेल, तर त्यात अजिबात हात घालू नये.

माश्यांचे बाहेर जाणे थांबले असेल, तर दारासमोर जाळीचा लहान पिंजरा बसवणे मला सर्वांत उपयुक्त वाटते. मधमाशी आरपार जाईल आणि मोठी गांधीलमाशी अडेल अशा छिद्रांची तारेची जाळी घेऊन ती दारासमोर वीतभर पुढे येईल अशी डब्यासारखी ठोकावी. त्यामुळे गांधीलमाशी दारापासून दूर राहते, आतल्या माश्यांना दारात मोकळी जागा मिळते आणि त्या जाळीतून वेगवेगळ्या दिशांनी निसटू शकतात. शिकार पूर्ण थांबत नाही, पण ये-जा सुरू राहते, आणि पेटी जगण्यासाठी तेच महत्त्वाचे आहे. युरोपात २००४च्या सुमारास आशियातील व्हेस्पा व्हेलुटिना ही जात फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिथल्या मधपाळांनी अशा जाळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या. त्यांच्या इतर पद्धती, उदाहरणार्थ वसंत ऋतूत राणी गांधीलमाश्या पकडण्याची मोहीम, तिथल्या हिवाळ्याच्या चक्रावर आधारलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा उचलून आपल्याकडे फारसे काही साधत नाही.

पेट्या एका ओळीत, एकाच दिशेला दारे करून ठेवलेल्या असतील, तर गांधीलमाशीला एका फेरीत सर्व दारे मिळतात. दारांची दिशा हळूहळू वेगवेगळी करावी आणि पेट्यांमध्ये झुडपाचा आडोसा ठेवावा. हल्ला फारच वाढल्यास पेट्या तीन किलोमीटरहून दूर हलवणे हा शेवटचा मार्ग आहे. त्याहून जवळ हलवल्यास कामकरी माश्या जुन्या जागी परततात. हलवण्याचे काम रात्री, दार बंद करून आणि झाकणाला हवा खेळती ठेवून करावे.

सापळे

प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा तिसरा भाग कापून तो उलटा करून बाटलीतच बसवला, की साधा सापळा तयार होतो. आत काय ठेवायचे यावर त्याचे यश अवलंबून असते. मध, गूळ किंवा नुसती साखर ठेवल्यास मधमाश्याच त्यात मरतात. पिकलेले केळेही पेट्यांजवळ नको, कारण मधमाशीचा धोक्याचा गंध केळ्याच्या वासाशी मिळताजुळता असतो आणि त्यामुळे पेटी चवताळते. ज्या काळात घरट्यात अळ्या भरपूर असतात, त्या काळात मासळीचे आमिष सर्वांत चांगले. बांगड्याचे डोके किंवा कोळंबीची टरफले ठेवल्यास मधमाशी तिकडे फिरकत नाही आणि गांधीलमाशी मात्र येते. आमिष एक-दोन दिवसांत बदलावे, नाहीतर सापळ्यात फक्त घरमाश्या भरतात. सापळा पेटीच्या दारासमोर टांगू नये. तो गांधीलमाशी येते त्या वाटेवर, पेट्यांपासून काही अंतरावर असावा. आमिषात विष मिसळण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. तो कृपया पाळू नये. विषारी मांस पक्षी, कुत्री आणि इतर प्राणी खातात, आणि विषाचा अंश मधापर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो.

घरटे शोधणे आणि काढणे

ओझे घेऊन निघालेली गांधीलमाशी साधारण सरळ रेषेत घरट्याकडे जाते. दोन वेगवेगळ्या जागी उभे राहून तिची दिशा नोंदवली, तर त्या दोन रेषा जिथे मिळतात त्या भागात घरटे असण्याचा संभव मोठा असतो. घरटे वस्तीपासून दूर जंगलात असेल आणि पेट्या जाळीने सुरक्षित झाल्या असतील, तर त्याला हात न लावणेच योग्य. मोठी गांधीलमाशीही अळ्या, टोळ आणि माश्या खाऊन निसर्गात आपले काम करत असते.

घरटे घराजवळ किंवा शाळेच्या वाटेवर असेल, तर ते काढणे भाग आहे, परंतु ते काम अनुभवी आणि संपूर्ण संरक्षक पोशाख असलेल्या माणसाकडूनच, रात्रीच्या वेळी करून घ्यावे. पोळ्यावर वापरतो तो मधपाळाचा पातळ पोशाख गांधीलमाशीच्या डंखापासून वाचवतोच असे नाही. रॉकेल ओतून पेटवणे किंवा मशाल लावणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत. त्यातून वणवे लागतात आणि माणसे भाजतात.

मधमाशीचा डंख काटेरी असल्यामुळे तो कातडीत अडकतो आणि ती एकदाच दंश करते. गांधीलमाशीचा डंख गुळगुळीत असतो आणि ती पुन्हा पुन्हा डसते. दंशानंतर ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक दंश झाले असतील, तर माणूस ठीक दिसत असला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर काही तासांनी किंवा दिवसांनी दिसू शकतो. लघवीचा रंग गडद होणे ही धोक्याची खूण आहे.

मेलिफेरा पाळणाऱ्यांसाठी

युरोपीय मेलिफेरा माशी भारतात १९६२च्या सुमारास कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे यशस्वीपणे रुजवली गेली आणि पुढे देशभर पसरली. तिचा आशियातील मोठ्या गांधीलमाशीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय नाही. तिच्या पहारेकरी माश्या एकेकट्या गांधीलमाशीवर धावून जातात आणि एकेक करून मारल्या जातात, आणि उष्णतेचा गोळा करण्याचे तंत्र तिला सातेरीइतके साधत नाही. ती सहसा घर सोडून जात नाही, पण शेवटपर्यंत दारात मरत राहते. म्हणून मेलिफेराच्या पेट्यांना जाळीचा पिंजरा आणि सापळे हल्ल्याची पहिली चिन्हे दिसताच लावावेत. डाळिंब, कांदा बियाणे किंवा सूर्यफुलासाठी पेट्या स्थलांतरित करताना नव्या जागेच्या आसपास गांधीलमाशीचा वावर आहे का, याची चौकशी स्थानिकांकडे आधीच करावी.

वसाहत निघून गेली असेल तर

पेटी रिकामी आढळली तर ती तशीच ठेवू नये. काही दिवसांतच मेणकिडा सर्व पोळी फस्त करतो आणि त्याची पैदास शेजारच्या पेट्यांत शिरते. पोळी त्याच दिवशी काढावीत. त्यांत आजारी अळ्या नसतील, तर चांगली, उजळ पोळी बंद डब्यात जपून ठेवावीत आणि काळी पडलेली पोळी वितळवून मेण करावे. रोगट अळ्या असतील, तर पोळी जाळून चौकटी उकळत्या पाण्याने धुवाव्यात. पेटी खरवडून, उन्हात वाळवून, आतून थोडे मेण चोळून पुन्हा सावलीच्या जागी उंचावर मांडावी आणि तिचे दार अरुंद ठेवावे. दिवाळीनंतर फुलोरा वाढू लागला की सातेरीच्या नव्या वसाहती जागेच्या शोधात फिरतात, आणि मेणाचा वास असलेली स्वच्छ पेटी त्यांना आवडते. अशी वसाहत आपणहून येऊन बसल्यास पहिले काही दिवस पेटी उघडू नये. राणीने अंडी घातली आहेत आणि परागाची ये-जा सुरू झाली आहे, याची दारावरून खात्री पटल्यावरच चौकटी तपासाव्यात.